होडीची वाट आणि बंधाऱ्याची पायरी

नदी, खाडी, तलाव किंवा कालवा यांत नावा चालतील एवढे पाणी वर्षभर किंवा निदान एखादा हंगाम टिकत असेल, तर त्या पाण्याला अंतर्गत जलमार्ग म्हणतात. नांदेड जिल्ह्यातील गोदावरी कायद्याच्या भाषेत असा जलमार्ग आहे. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, 2016 याने देशातील 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यातील चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गाची गोदावरीवरील हद्द पूर्वी राजमहेंद्रीपासून भद्राचलमपर्यंत होती, ती या कायद्याने थेट नाशिकपर्यंत वर आणली. म्हणजे नांदेडचे घाट राष्ट्रीय जलमार्गाच्या काठावर आले. मांजरा नदीचाही यादीत समावेश झाला, पण तिचा पट्टा तेलंगणातील सिंगूर धरणापासून खाली गोदावरीच्या संगमापर्यंतचा आहे. देगलूर, बिलोलीकडचा काठ त्यामुळे जलमार्गाला लागून आला आणि लातूर जिल्ह्यातील मांजरा मात्र बाहेर राहिली.

हा कायदा 12 एप्रिल 2016 रोजी अमलात आला. त्याच दिवशी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली होती. तिच्या 10 वाघिणींत मिळून 5 लाख लिटर पाणी होते. एका बाजूला जलमार्गाचा कायदा आणि दुसऱ्या बाजूला रुळांवरून येणारे पिण्याचे पाणी, हे मराठवाड्यातील नद्यांचे खरे रूप आहे. या नद्यांतून होडी कितपत चालेल, याचे उत्तर नदीच्या लांबी-रुंदीपेक्षा पाणी कुठे, किती महिने आणि कोणत्या पातळीला उभे असते यावर ठरते.

होडी इथल्या माणसाला नवी नाही. मासेमारी करणारे भोई आणि कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या डोहांत नावा घालत आले. पूल नसलेल्या गावांत भोपळे किंवा लाकडे बांधून केलेली सांगड, गूळ करण्याची काहील, ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, अलीकडे थर्माकोलचे तराफे अशी हाताशी असेल ती साधने पैलतीर गाठायला वापरली जातात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिवधानोरा येथील मुले नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. धरणाचा फुगवटा चढला की जुना उतार बुडतो, दोन गावांमधला पायी रस्ता तुटतो आणि तिथे होडीची गरज नव्याने उभी राहते. मराठवाड्यात जलप्रवासाचा विचार करायचा तर मालवाहू बार्जपासून सुरुवात करण्यापेक्षा या मुलांपासून करावी.

दख्खनच्या पठारावरील नदी ही हिमालयातील नदीसारखी नाही. तिला बर्फाचे पाणी नाही. जून ते सप्टेंबर तिला पूर येतो आणि पावसाळा ओसरला की महिना-दोन महिन्यांत ती डोहांच्या माळेसारखी उरते. मधल्या भागात काळ्या खडकाचे पट्टे, वाळूचे ढीग आणि घोटाभर धारा. पैनगंगेवर तर नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंडचा धबधबा नदीची वाटच तोडतो. अशा पात्रात होडी चालायची तर पाणी अडवून उभे करावे लागते. ते काम सिंचनासाठी झालेच आहे. गोदावरीवर पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी, राजाटाकळी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस, अंतेश्वर असे उच्च पातळी बंधारे नदीभर झाले. नांदेडजवळ विष्णुपुरी, मग आमदुरा, बळेगाव आणि शेवटी धर्माबाद तालुक्यातील बाभळी. लातूरकडे मांजरा आणि तेरणेवर जुने कोल्हापूर पद्धतीचे बंधारे होते. त्यांतील बरेचसे उभ्या सरकणाऱ्या दरवाजांच्या बॅरेजमध्ये बदलले गेले.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना होडीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दगडी खांबांची रांग नदीत आडवी उभी असते आणि दोन खांबांमध्ये सुमारे 2 मीटरचे गाळे असतात. पावसाळा सरता सरता खांबांच्या खाचांत बर्गे टाकतात, म्हणजे एकावर एक फळ्या किंवा लोखंडी पत्रे बसवतात. फटी मातीने लिंपल्या की पाणी चढू लागते. पुढच्या पावसाळ्याआधी बर्गे काढून घेतात. बर्गे काढलेले असताना लहान होडी गाळ्यातून सरळ निघून जाऊ शकते, पण तेव्हा वर पाणी साठलेले नसते. बर्गे घातल्यावर पाणी असते आणि वाट बंद असते. मोठ्या दरवाजांच्या बॅरेजलाही हाच नियम लागू पडतो. एकाच ठिकाणी पाणी आणि वाट दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि ही अडचण सोडवण्यासाठीच लॉक जन्माला आले.

लॉकला मराठीत जलपाश असा शब्द आहे, पण बोलण्यात लॉकच चालतो. बंधाऱ्याच्या एका कडेला लांबट हौद बांधायचा, त्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला दरवाजे लावायचे, एवढीच त्याची कल्पना. चीनमध्ये 984 साली छियाव वेइयुए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर असा दोन दरवाजांचा हौद केला. त्याआधी नावा उतारावरून ओढून नेत, त्यांत त्या फुटत आणि फुटलेल्या नावांतील धान्य चोरीला जाई. पुढे युरोपात दोन झडपांचा कोनी दरवाजा आला. मिलान शहरातील अशा दरवाजाशी लिओनार्दो दा विंची यांचे नाव जोडलेले आहे. आजही जगातील बहुतेक लहान लॉकना तोच दरवाजा असतो.

या दरवाजाच्या दोन झडपा मिटल्यावर एका रेषेत येत नाहीत. त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे पुढे आलेले असते. वरचे पाणी जितके जोराने दाबते तितक्या झडपा एकमेकींवर घट्ट बसतात, त्यामुळे अडसराची गरजच पडत नाही. हा दाब किती असतो ते हिशेबाने कळते. दरवाजा 5 मीटर रुंद असेल आणि एका बाजूला 4 मीटर खोल पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडे असेल, तर त्यावर सुमारे 40 टन भार पडतो. पाणी दोन्हीकडे भरलेले असून पातळीत फक्त 10 सेंटिमीटरचा फरक उरला तरी भार 2 टनांच्या आसपास राहतो. म्हणून दोन्ही पाणी बरोबर झाल्याशिवाय कोणाच्याही ताकदीने तो उघडत नाही, आणि बरोबर झाले की लांब दांड्याला पाठ लावून एक माणूस तो ढकलतो. सगळी सुरक्षितता या साध्या गोष्टीत आहे.

होडी खाली उतरवायची असेल तर हौद आधी वरच्या पातळीपर्यंत भरलेला लागतो. वरचा दरवाजा उघडून होडी आत येते, दरवाजा मिटतो, मग खालच्या दरवाजातील झडप थोडी थोडी वर उचलतात. हौदातले पाणी खाली निघून जाते आणि होडी भिंतीला लागून हळूहळू उतरते. या वेळी दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नसतो. एक वेढा घेऊन टोक हातात धरायचे आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचे. गाठ मारली तर पाणी खाली जाते, होडी दोरावर टांगली जाते आणि कलंडते. दुसरी काळजी मागच्या बाजूची. वरच्या दरवाजाखाली काँक्रीटचा उंबरठा पुढे आलेला असतो, तो भरलेल्या हौदात दिसत नाही. होडीची मागची बाजू त्यावर टेकली की पुढचा भाग खाली जातो आणि होडी बुडते. वर चढताना धोका उलटा असतो. झडप एकदम उघडली तर आत येणारे पाणी होडी भिंतीवर आपटते. जुन्या टायरचे तुकडे बाहेरून लटकवलेले असतील तर होडीच्या फळ्या वाचतात.

लॉकवर मराठवाड्यातला माणूस पहिला आक्षेप पाण्याचा घेईल, आणि तो रास्त आहे. हौद 25 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि दोन्हीकडच्या पातळीत 4 मीटरचा फरक धरला, तर एका वेळी 500 घनमीटर पाणी खाली जाते. हे झाले 5 लाख लिटर, म्हणजे लातूरला आलेली पहिली रेल्वे भरून. एका होडीसाठी रेल्वेभर पाणी सोडायचे हे ऐकायलाच जड वाटते. पण हे पाणी वाया जात नाही. ते खालच्या बंधाऱ्याच्या साठ्यात जाऊन पडते आणि तिथल्या पंपांना मिळते. विष्णुपुरीचा उपयुक्त साठा सुमारे 80 दशलक्ष घनमीटर आहे. त्या मानाने एका खेपेचे पाणी दीड लाखाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. तरीही टंचाईच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत वरच्या साठ्यावर एखाद्या शहराचे पिण्याचे पाणी अवलंबून असेल, तर लॉक बंद ठेवणे हेच योग्य. होडीचा हक्क तहानेच्या नंतरचा.

आता राहतो इतिहासाचा प्रश्न. गोदावरीवर लॉक झाले, पण मराठवाड्यात नाही. आर्थर कॉटन या अभियंत्याने 1847 ते 1852 या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे बंधारा बांधला. तिथून निघणारे कालवे शेतीला पाणी देत आणि त्यांतूनच लॉकच्या मदतीने नावाही चालत. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतो असे कॉटन यांचे ठाम मत होते. त्यांचे पुढचे स्वप्न नदीने वर चढून मध्य प्रांताचा कापूस समुद्राला नेण्याचे होते. 1860 च्या तहात निजामाने सिरोंचासह डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला आणि नदीवरील वाहतूक मोकळी ठेवण्याचे ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला होता, त्यामुळे कामाला घाई झाली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. दुम्मागुडेमला बंधारा, बगल-कालवा आणि लॉक झाले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा या योजनेला पाठिंबा होता. पण 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1871 मध्ये योजना सोडून देण्यात आली.

कॉटन यांच्या नावा सिरोंचाहून प्राणहितेत वळणार होत्या, त्या गोदावरीने नांदेडकडे येणार नव्हत्या. कारण सरळ आहे. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी घेऊन येणारी प्राणहिता मिळेपर्यंत गोदावरी पाण्याने दुबळी आहे. तिचे वरचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. नांदेड त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि तिथला माल बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिकंदराबाद ते मनमाड मीटरगेज रेल्वे आली. तिचे नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. नदीच्या खोऱ्याची वाहतूक नदीचेच नाव घेऊन रुळांवर गेली.

मांजरेचीही वाट अशीच तुटक आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून ती लातूर, बिदर, मेदक करत वळसा घेते आणि उत्तरेकडे वळून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. लांबी सुमारे 724 किलोमीटर. राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झालेल्या तिच्या पट्ट्यात निजामसागर धरण आडवे उभे आहे, ते 1931 मध्ये पूर्ण झाले. ते सिंचनासाठी बांधलेले आहे आणि नावेच्या वाटेचा विचार त्यात नाही. गोदावरीवरील मराठवाड्याचे बंधारेही तसेच आहेत. महाराष्ट्रात लॉक पाहायचेच तर मुंबईला जावे लागते. इंदिरा गोदीच्या तोंडाशी 228.6 मीटर लांब आणि 30.5 मीटर रुंद लॉक आहे. ही गोदी 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी म्हणून सुरू झाली. तिथे ओहोटीला समुद्र उतरला तरी आतली जहाजे तरंगत राहतात.

लहान होडीने विष्णुपुरीपासून बासरपर्यंत जायचे ठरवले तर वाट कशी असेल? शंकरसागर या नावाने ओळखला जाणारा विष्णुपुरीचा जलाशय पूर्ण भरला की पाणी समुद्रसपाटीपासून 355 मीटरवर असते. बाभळीची पूर्ण पातळी 338 मीटर आहे. मधले 17 मीटर विष्णुपुरी, आमदुरा आणि बळेगाव या तीन पायऱ्यांत उतरायचे. बाभळीच्या खाली पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर धरण लागते. ते भरलेले असताना त्याची पातळी बाभळीपेक्षा साडेपाच मीटरच खाली असते आणि त्याचा फुगवटा बाभळीपर्यंत येतो. त्यामुळे बाभळी ओलांडली की कंदकुर्तीचा संगम आणि पुढे बासरचे सरस्वती मंदिर येईपर्यंत आणखी बंधारा लागत नाही. बाभळी धरून चारही पायऱ्यांवर होडी पाण्याबाहेर काढून, काठाने उचलून नेऊन पुन्हा पाण्यात सोडावी लागते. म्हणून इथल्या प्रवासाला दोन माणसांना उचलता येईल अशी सपाट तळाची हलकी होडीच योग्य. ती वीतभर पाण्यातही तरंगते आणि खडकावर घासली तरी अडत नाही.

नांदेड शहर विष्णुपुरी धरणाच्या खाली आहे. नगिना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट अशी घाटांची रांग तिथे आहे. शहराजवळ सर्वांत मोठा अडथळा जलपर्णीचा. तिचा गालिचा दाट झाला की वल्हे आत शिरत नाही आणि इंजिनाच्या पंख्याला मुळे गुंडाळली जातात. अशा ठिकाणी लांब बांबूने तळ ढकलत जाणे बरे. शहराबाहेर वाळू उपसलेल्या जागी तळाला अचानक खोल खड्डे आढळतात, काठ पोखरलेले असतात. बेकायदा उपशाच्या बोटी आणि तराफे महसूल खाते वेळोवेळी जाळते, त्यांचे अर्धवट बुडालेले सांगाडेही वाटेत लागू शकतात.

बंधाऱ्याच्या जवळ जाण्याचा नियम एकच: दरवाजे दिसू लागले की काठाला लागायचे. दरवाजा थोडासाच उचललेला असेल तर पाणी त्याच्या खालून जाते, वर पृष्ठभाग शांत दिसतो आणि होडी त्याकडे ओढली जाते. दरवाजाच्या खालच्या बाजूला पाणी उसळून मागे फिरते. त्या फिरत्या पाण्यात पोहणाराही बाहेर पडत नाही. वरून विसर्ग सुटला की खालच्या पात्रातले पाणी काही मिनिटांत चढते, त्यामुळे पात्राच्या मधल्या वाळूवर मुक्काम टाकणे प्राणघातक ठरू शकते. निघण्यापूर्वी धरणाच्या पूरनियंत्रण कक्षाकडे चौकशी करणे आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असणे याला पर्याय नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार बिनइंजिनाच्या होड्यांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हायला हवी.

या चार पायऱ्यांवर लॉक बांधावेत काय? मालवाहतुकीसाठी नकोत. सर्वांत लहान वर्गाच्या जलमार्गालाही नदीत किमान 1.2 मीटर खोली आणि 30 मीटर रुंदीचा सलग पट्टा लागतो. मे महिन्यात तो राखण्याइतके पाणी या खोऱ्यात नाही, आणि नदीला समांतर रेल्वे व रस्ता दोन्ही आहेत. शिवाय काळ्या मातीत हौद बांधणे खर्चाचे. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, म्हणून भिंतीमागे मुरमाचा जाड थर भरावा लागतो. लहान होडीला यापेक्षा सोपा उपाय पुरतो. बंधाऱ्याच्या कडेने वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार, त्यावर दोन रूळ आणि होडी ठेवायला चाकांचा गाडा. त्याला थेंबभर पाणी लागत नाही, वीज लागत नाही आणि दोन माणसे मिळून होडी ओलांडून नेतात. मच्छीमारांना, पैलतीरी शेत असलेल्यांना आणि शाळेच्या मुलांसाठी चालणाऱ्या होडीला एवढे पुष्कळ आहे. नवे बॅरेज बांधताना किंवा जुन्याची दुरुस्ती करताना हा उतार आराखड्यातच धरला पाहिजे.

हंगामाचे वेळापत्रक बाभळीने ठरवून दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार या बंधाऱ्याचे 14 दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी तेलंगणाच्या बाजूला सोडावे लागते. पहिल्या काळात नदीला पूर असतो, दुसऱ्या तारखेनंतर पातळी उतरू लागते. चांगल्या पावसाच्या वर्षी 29 ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे चार महिने नांदेडच्या गोदावरीत होडी घालायला योग्य आहेत.